संगीत रंगभूमीचा खून कोणी केला?

संगीत रंगभूमी बोलपटाने मारली, हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की त्याला आता पुराव्याची गरजच उरलेली नाही. हल्ली त्याचीच नवी आवृत्ती निघाली आहे : चित्रपटगृह दूरचित्रवाणीने मारले, वाचन भ्रमणध्वनीने मारले. प्रत्येक खेपेस आरोपी नवा, फिर्यादी मात्र तोच. आणि तो फिर्यादी म्हणजे तिकीट काढून खुर्चीत बसलेले आपण सुशिक्षित लोक. आम्हांस या फिर्यादीच्याच जबानीचा संशय येतो.

मूळ खटलाच पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले; मराठीतील पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली निघाला. मधल्या अर्धशतकात संगीत नाटकाचे काय झाले? 'शाकुंतला'तही शंभराहून अधिक पदे होती. परंतु ती बव्हंशी संवादाचेच काम करीत. पुढे पदाची मैफल झाली, आणि नाटक हे त्या मैफलीस जोडलेले शेपूट होऊन बसले. याचा दोष गवयांच्या माथी मारणे सोपे आहे. पण 'वन्स मोअर' कोण देत होते? नायिकेने शोकाने व्याकूळ होऊन भूमीवर अंग टाकावे, आणि टाळ्या ऐकताच उठून तेच पद पुन्हा आळवावे! नायक बिचारा चेहऱ्यावरचा करुण भाव सांभाळीत तिष्ठत उभा. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेकडे झुके, तरी कथेचे सोयरसुतक कोणास नसे. बोलपट येण्यापूर्वीच कथेने ते घर सोडले होते; बोलपटाने फार तर प्रेताचा पंचनामा केला.

बोलपटाचा एक गुण आमच्या रसिकांनी कधी नीट ओळखलाच नाही. पडद्यावरचे माणूस टाळ्यांसाठी थांबत नाही. कथा ठरल्या गतीने पुढे जाते, आणि प्रेक्षकास मुकाट्याने तिच्या मागून जावे लागते. १९३६ सालच्या 'संत तुकारामा'त अभंग आहेत, पण ते तुकोबांच्या संसारातून उमटतात. आणि मुलाच्या आजारपणाने पिसाळून विठोबाला देवळात जाऊन दरडावणारी जिजाई त्या अभंगांइतकीच मनात राहते. त्यातील तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले नट होते. त्या चित्रपटाचे संगीतकार केशवराव भोळे यांनीच १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकास संगीत दिले होते. मारेकरी आणि मृत असे एकाच घरचे निघावेत, हा खटल्यास मोठाच अडथळा आहे!

आणि 'आंधळ्यांची शाळा' तरी काय होती? मोजकी गाणी, आटोपशीर प्रयोग, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या. बोलपट आल्यावर अवघ्या दीड वर्षात रंगभूमीने दिलेले हे उत्तर होते. ते देणारी 'नाट्यमन्वंतर' संस्था अल्पावधीतच बंद पडली. तिच्यासाठी हळहळणारे पुष्कळ; तिकिटे काढणारे किती होते, हे विचारू नये. उलट ज्याच्या माथी खुनाचा आरोप, त्या 'प्रभात'चाही कारभार पुढे आटोपला, आणि १९६० साली त्याच जागेत सरकारी चित्रपटसंस्था सुरू झाली. 'मेलेल्या' संगीत नाटकाने मात्र १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' दिले.

येथवर वाचून कोणी आम्हांस बोलपटाचे वकील ठरवील. तसे नव्हे. चित्रपट पाहिला, आता नाटक कशास पाहावयाचे, असे म्हणणारा दुसरा पक्ष आम्हांस अधिकच असह्य वाटतो. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, २०१६ साली पडद्यावर आले. पडद्यावर बेलवलकरांच्या चेहऱ्याची सुरकुती न् सुरकुती दिसते. नाट्यगृहातील शेवटच्या रांगेस ती कधी दिसावयाची? परंतु बेलवलकर हा नट आहे. प्रेक्षकांवाचून त्याचे अर्धे आयुष्य कोरडे पडले आहे. नाट्यगृहात तो बोलू लागला, की अंधारात बसलेले आपण त्या कथेतले पात्र होतो. त्याने गमावलेला प्रेक्षक म्हणजे आपणच, आणि आपल्या शांततेवर त्याचे पुढचे वाक्य अवलंबून असते. पडद्यावर आपण त्याला पाहतो, तो आपल्याला पाहत नाही. ही उणीव कोणत्याही दिग्दर्शकाच्या कौशल्याने भरून निघणारी नव्हे. म्हणून आमची पसंती विचाराल तर ती नाटकासच आहे, पण त्या पसंतीत प्रेक्षकाच्या माथी काम येते, आणि तेच आपल्याला नको असते.

हल्ली नटांना प्रयोग मध्येच थांबवून, भ्रमणध्वनी बंद ठेवा म्हणून हात जोडावे लागतात. अलीकडेच एका प्रयोगास आमच्या पुढच्या रांगेत एक सद्गृहस्थ बसले होते. नायकाचे स्वगत ऐन रंगात आले असता त्यांनी हातातील यंत्र उंच धरून त्याचे चित्रण केले. तो निळसर उजेड मागच्या तीन रांगांच्या डोळ्यांत जात होता. मध्यंतरात चहा घेताना ते पत्नीस सांगत होते, की या दूरचित्रवाणीच्या मालिकांनी नाटकाची पार वाट लावली.