पूल आणि मोट

पक्षापक्षांतली दरी एखादा नेता बुजवू शकतो का, हा प्रश्न दर निवडणुकीनंतर नव्याने विचारला जातो. त्याचे उत्तर शोधायला दिल्लीला जायला नको; मावळ तालुका पुरेसा आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचेच पाहा. त्याचे काम सुरू झाले ते शिवसेना-भाजप युतीच्या राज्यात. नितीन गडकरी तेव्हा सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. १९९९ साली सरकार बदलले, पण रस्ता अडला नाही. २००२ मध्ये तो पूर्ण झाला तेव्हा मंत्रालयात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. पुढे त्याला यशवंतराव चव्हाणांचे नाव मिळाले. बँकेत शाखेचा चार्ज घेणाऱ्याला आधीच्या मॅनेजरने दिलेली कर्जेही आपली मानावी लागतात. ‘ते माझ्या काळातले नव्हे’ असे सांगून सुटका होत नाही. सरकारांनीही असा चार्ज घेतला की काय होते, ते खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाताना दिसते.

याहून मोठे उदाहरण रोजगार हमीचे. कल्पना वि. स. पागे यांची. ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. कायदा १९७७ मध्ये वसंतदादा पाटलांच्या काळात एकमताने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला, तेव्हा मुख्यमंत्री होते पुलोदचे शरद पवार. आम्हा नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाई, तो या योजनेसाठीच. कुरकुर होई, पण आपल्या पैशातून दुष्काळी गावात कुणाच्या तरी हाताला काम मिळते, हे पटलेले होते. पागे यांनी विरोधकांना मंत्रिपदे देऊ केली नव्हती. नाकारता येणार नाही असे काम त्यांनी पुढे ठेवले.

मात्र रस्ता आणि रोजगार यांत श्रेय वाटून घेता येते. पाण्यात तसे नसते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. नदीत पाणी सोडले तर काठच्या शेतीला मिळते. नळातून गेले तर आपल्या वाट्याला काय, हा त्यांचा साधा प्रश्न होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे, त्याच द्रुतगती मार्गावर, पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्यानंतर सभा झाल्या, आरोप-प्रत्यारोप झाले, काम थांबले. शहराची तहानही खरी आणि गावाची भीतीही खरी. दोघांना एका सतरंजीवर आधीच बसवणारा नेता तेवढा मिळाला नाही.

पक्ष एकत्र येतात तेव्हा दरी बुजतेच असेही नाही. २०२४ च्या विधानसभेला मावळात राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाचे सुनील शेळके उभे होते. त्यांच्याविरुद्ध अपक्ष बापू भेगडे यांच्यामागे भाजपचे स्थानिक नेते आणि महाविकास आघाडीतले पक्ष उभे राहिले. ‘मावळ पॅटर्न’ असे त्याचे नाव पडले. शेळके लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. एका माणसाला पाडण्यासाठी बांधलेली ती मोट होती, आणि निकालानंतर मोट सुटते. पूल बांधायचा तर पलीकडच्या काठावरही पाया घालावा लागतो.

तेव्हा नेता दरी बुजवू शकतो, पण तीन अटींवर. श्रेय दुसऱ्याला घेऊ द्यावे. ज्याचे नुकसान होणार त्याच्याकडे फाईल निघण्यापूर्वी जावे. आणि झालेला समझोता कायद्यात, ठरावात लिहून ठेवावा, म्हणजे खुर्ची बदलली तरी तो टिकतो. पवनेच्या काठी पुढे जो कुणी तोडगा घेऊन जाईल, त्याला मावळकरांनी पक्ष विचारू नये. या तीन गोष्टी विचाराव्यात.