फ्लॉस आणि रात्रपाळी

हिरड्यांतून रक्त आले की डेंटिस्ट विचारतो, "रोज फ्लॉस करता का?" रात्रपाळी करता का, हे सहसा कुणी विचारत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांच्या हिरड्या सडत. त्या रोगाला 'ट्रेंच माउथ' हेच नाव पडले. जंतू तोंडात होतेच. जागरण, ताण, सिगारेट आणि अस्वच्छता यांमुळे त्यांचे फावले. रात्रपाळीबद्दलचा पुरावा अजून मुख्यतः सहसंबंधाचा आहे, हे मान्य. तरीही आपल्यातल्या नर्सला, रेसिडेंट डॉक्टरला किंवा मध्यरात्री पुण्याशी कॉलवर बसणाऱ्याला नुसता ब्रशचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. (अमेरिकेत दातांचा विमाही बहुधा वेगळाच, जणू तोंड शरीराबाहेर आहे!) डेंटिस्टच्या फॉर्मवर सिगारेटचा रकाना असतो, तसा झोपेचा आणि शिफ्टचाही हवा.