काता पाठ आहे, अर्थाचं काय?

'काता म्हणजे हवेतला नाच. खऱ्या मारामारीत त्याचा काय उपयोग?' एमएमएच्या क्लिप बघत मोठी झालेली पोरं हे हमखास म्हणतात. कराटेवाल्यांचं उत्तरही ठरलेलं असतं : 'काता हा कराटेचा आत्मा आहे.' मला दोन्ही बाजू सारख्याच चुकलेल्या वाटतात. नाच म्हटलं की प्रश्न विचारायची गरज उरत नाही आणि आत्मा म्हटलं की विचारायची सोय उरत नाही.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या चाली. ओकिनावात इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत नेलं आणि मुलांसाठी पिनान नावाचे पाच काता बसवले. फुनाकोशींनी पुढे त्यांनाच 'हेइआन' म्हटलं. आज अनेक क्लासेसमध्ये बेल्टच्या परीक्षेला हेच असतात. एका शिक्षकानं मैदानभर मुलांना रांगेत शिकवायचं, तर एकट्यानं करायचा काता सोयीचाच. पण याच इतोसुंनी १९०८ च्या पत्रात बजावलं होतं, की प्रत्येक चालीचा अर्थ आणि ती कधी वापरायची, हे समजून घेऊन सराव करा. आपण रांग उचलली, अर्थ मैदानातच सोडला.

एक साधी गोष्ट घ्या. कातामध्ये एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा मूठ वळून कमरेशी येतो. याला हिकिते म्हणतात. का आणायचा? 'त्यानं पंचला पॉवर येते,' हे नेहमीचं उत्तर. आता समोरच्याचं मनगट धरा आणि तीच चाल करा. तो तोल जाऊन तुमच्याकडे ओढला जातो आणि तुमचा दुसरा हात तिथे आधीच पोचलेला असतो. हवेत निरर्थक वाटणारी चाल माणूस समोर आला की बोलू लागते. चालींचा अर्थ असा उलगडण्याला बुंकाई म्हणतात.

'मग काता सोडा, नुसतं कुमिते करा,' म्हणणाऱ्यांनाही हाच प्रश्न. स्पर्धेतलं कुमिते अंतर राखून सुरू होतं. कोणी कॉलर धरली, मनगट पकडलं, भिंतीशी रेटलं, तर? मोतोबु चोकी हे ओकिनावातले नावाजलेले लढवय्ये. नाइहांची हा त्यांचा आवडता काता. १९२६ च्या त्यांच्या पुस्तकात जवळून भिडणाऱ्या दोन माणसांचे सराव फोटोंसह दिले आहेत. काता आणि लढाई यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही.

ती आपण घातली. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ओकिनावाच्याच रियो कियुनानं कातामध्ये सुवर्ण जिंकलं. त्या ताकदीला आणि शिस्तीला सलाम. पण मॅटवर तो एकटा होता. ही चाल कोणावर करायची, हे तिथं दाखवायचं नव्हतं. स्पर्धेत ते चालतं. सोसायटीच्या पार्किंगमधल्या क्लासनं मात्र 'सेल्फ डिफेन्स'चा बोर्ड लावलेला असतो. तिथली पोरगी चार काता पाठ करते, यलोचा ऑरेंज बेल्ट होतो, फी भरली जाते, फोटो स्टेटसवर चढतो. तिचा हात कोणी खरोखर घट्ट धरून ठेवलाय का? बऱ्याचदा नाही. म्हणजे तिला कौशल्य नाही, कौशल्याचा भ्रम मिळाला. निव्वळ घोकंपट्टीनं गणितात मार्क जातात. इथं त्याहून मोठं काही जाऊ शकतं.

आणि बुंकाईच्या नावाखाली चालणारं नाटकही नको. समोरचा एक पंच मारून पुतळ्यासारखा थांबतो आणि आपण त्याच्यावर पाच चाली करतो! समोरच्यानं हात सोडवून घ्यायला हवा, ढकलायला हवं. चाल फसली तरच ती का फसली हे कळतं.

एकट्यानं काता करण्यात गैर काही नाही. शरीर घडतं, तोल येतो, साठीतही करता येतो. मग त्याला व्यायाम म्हणा आणि बोर्ड बदला. बोर्ड ठेवायचा असेल, तर बेल्टच्या परीक्षेत एक प्रश्न वाढवा : या कातामधली कुठलीही एक चाल, विरोध करणाऱ्या माणसावर करून दाखव. आणि तुम्ही विद्यार्थी असाल, तर पुढच्या क्लासला सरांना विचारा, 'सर, हा हात कमरेशी कशासाठी?' उत्तर 'असंच असतं' आलं, तर फी कशाची भरतोय याचा विचार करा.