काउंटरवरचे दोन क्यूआर कोड: एकात पैसे जातात, दुसऱ्यात तुमचा नंबर

संक्रांतीला गावी, गिरडला गेलो होतो. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. टेकडीवरच्या शेख फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे बाहेरच्यांनाही माहीत असतं. दर्ग्यावर येणाऱ्यांचा पहिला थांबा बहुतेक वेळा चहा-नाश्त्याच्या हॉटेलात होतो. तसलंच एक छोटं हॉटेल माझ्या काकूचं आहे. तर्री पोहा, आलुबोंडा, चहा. बस, एवढंच.

यावेळी काउंटरवर दोन क्यूआर कोड दिसले. एक नेहमीचा, यूपीआयचा. दुसरा रंगीत, त्यावर लिहिलेलं: 'स्कॅन करा, फॉर्म भरा, पोह्यावर १० रुपये सूट आणि मोफत बॉडी चेकअप!' खाली एका ताईंचं नाव आणि 'वेलनेस कोच' अशी पदवी.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. रंगीत क्यूआर कोड दिसला की आत काय आहे ते बघितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. बघितलं, आणि दोन दिवसांची सुट्टी त्यातच गेली. आज त्याचीच गोष्ट. असा बोर्ड तुमच्या गावातल्या एखाद्या काउंटरवरही असू शकतो.

ही भानगड नेमकी काय आहे?

मार्केटिंगच्या भाषेत याला क्रॉस-प्रमोशन म्हणतात. साध्या मराठीत 'तू माझं नाव घे, मी तुझं घेतो'. दोन वेगळे धंदे, गिऱ्हाईक साधारण तेच. मग एकाच्या दुकानात दुसऱ्याची जाहिरात.

यात एका बाजूला आहे डायरेक्ट सेलिंग करणारी व्यक्ती. म्हणजे दुकान नाही, ओळखीपाळखीत माल विकायचा आणि कंपनीकडून कमिशन घ्यायचं. टपरवेअर १९९६ मध्ये भारतात आली, तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी घरांनी हा प्रकार पाहिलाय: कुणाच्या तरी घरी बायका जमायच्या, डबे मांडले जायचे, चहा व्हायचा, ऑर्डरी लिहिल्या जायच्या. पुढे प्रोटीन पावडर, सप्लिमेंट, सौंदर्यप्रसाधनं आली. मधल्या काळात ऑनलाइन खरेदी वाढली आणि बैठकीतली विक्री अवघड झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये टपरवेअरच्या मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच्या कारणांपैकी हे एक होतं.

दुसऱ्या बाजूला काकूसारखं खाद्यपदार्थाचं दुकान. त्याच्याकडे दोन गोष्टी असतात: रोजची गर्दी आणि लोकांचा भरोसा. डायरेक्ट सेलिंगवाल्याला नेमक्या याच दोन गोष्टी कमी पडतात. कारण नातेवाईक आणि शेजारी सहा महिन्यांत संपतात, त्यानंतर अनोळखी माणसं लागतात.

कल्पना म्हणून यात वाईट काहीच नाही. दोघांनाही फायदा होऊ शकतो. प्रश्न आहे की देवाणघेवाण नेमकी कशाची होतेय.

कोडच्या आत काय होतं?

क्यूआर कोड म्हणजे जादू नाही, फक्त चौकटीत छापलेला मजकूर आहे. यूपीआयच्या कोडमध्ये दुकानदाराचा यूपीआय आयडी असतो, म्हणून पैसे पाठवण्याआधी त्याचं नाव दिसतं. रंगीत कोडमध्ये होती एक छोटी केलेली लिंक. ती उघडली की दुसऱ्या लिंकवर जायची, आणि त्या लिंकच्या शेवटी 'रेफ' लिहून एक नंबर होता.

हा रेफरल कोड. त्यावरून सिस्टिमला कळतं की हे गिऱ्हाईक कोणामुळे आलं. पुढे त्या माणसाने काही विकत घेतलं की कमिशन कोडच्या मालकाला जातं. मालक कोण? काकू नाही. ताईंना विचारलं तर कळलं, त्यासुद्धा नाहीत. कोड त्यांच्या अपलाइनचा, म्हणजे ज्यांनी त्यांना या धंद्यात आणलं त्या नागपूरच्या सरांचा. बोर्डही त्यांनीच छापून दिलेला.

त्यानंतर उघडत होता गुगल फॉर्म. नाव, मोबाइल नंबर, वय, वजन. शिवाय 'शुगर, बीपी, थायरॉइड आहे का?' असा एक प्रश्न. गुगल फॉर्मची सगळी उत्तरं फॉर्म बनवणाऱ्याच्या खात्यात जमा होतात. तो ती शीट कोणालाही देऊ शकतो, डाउनलोड करू शकतो. ताईंना ती शीट फक्त बघता येत होती, खोडता येत नव्हती.

थोडक्यात हिशोब असा: दहा रुपयांची सूट काकूच्या गल्ल्यातून, विश्वास काकूच्या नावाचा, धावपळ ताईंची. आणि नंबर, आजार, कमिशन हे सगळं नागपूरला.

मग काय झालं?

लोकांना फोन सुरू झाले. 'तुमचं वजन जास्त आहे, आमच्या प्रोग्रॅमला या.' रोज वेगळा नंबर, वेगळा आवाज. काही जणांना न विचारता व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलं. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, त्यामुळे आणखी दोन-तीन वेगळेच लोक माल विकायला आले. माझी अकरावीतली चुलत बहीण, वय १६, तिनेही सूट मिळते म्हणून फॉर्म भरला होता. तिला रात्री साडेनऊला मेसेज: 'हाय डिअर, वेट लॉस करायचं आहे का?'

लोक नागपूरच्या सरांना ओळखत नाहीत. ते काकूला ओळखतात. एक जण सरळ काउंटरवर येऊन म्हणाला, 'काकू, तुम्ही कायले देला वो आमचा नंबर?' काकूकडे उत्तर नव्हतं. तिला तर फॉर्म कुठे जातो हेच माहीत नव्हतं.

याहून वाईट गोष्ट शेजारच्या काकांची. त्यांना बरीच वर्षं शुगर आहे. बोर्ड काकूच्या हॉटेलात आहे म्हणजे चांगलंच असणार, असं समजून त्यांनी पावडरचा डबा घेतला आणि शुगरच्या गोळ्या आपल्या मनानेच निम्म्या केल्या. तीन आठवड्यांनी चक्कर आली, तपासणीत साखर खूप वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा पूर्ण सुरू केल्या. आता ठीक आहेत. पण मला म्हणाले ते वाक्य डोक्यातून जात नाही: 'तुह्या काकूच्या हॉटेलात होतं नं, म्हणून घेतलं.'

गंमत म्हणजे त्या डब्यावरच लिहिलेलं होतं की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. हेल्थ सप्लिमेंटच्या लेबलवर असा इशारा छापणं अन्न सुरक्षेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पण तो बारीक इंग्रजीत होता. काउंटरवरचा बोर्ड मोठ्या मराठीत.

कायदा काय म्हणतो?

कंटाळू नका, चारच मुद्दे आहेत आणि चारही कामाचे.

पहिला: डिसेंबर २०२१ पासून देशात डायरेक्ट सेलिंगसाठी ग्राहक संरक्षणाचे वेगळे नियम आहेत. कंपनीने मान्य केलेल्या दाव्यांपलीकडे विक्रेत्याला दावा करता येत नाही. ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ यांशिवाय कोणाच्या घरी जाता येत नाही. 'तीन गिऱ्हाईकं आण, तुझा डबा फुकटात पडेल' असं सांगून माल विकणंही चालत नाही. पिरॅमिड स्कीमवर तर सरळ बंदी आहे.

दुसरा: जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरोधी मार्गदर्शक सूचना. शिफारस करणारा आणि कंपनी यांच्यात पैशाचा किंवा फायद्याचा संबंध असेल आणि लोकांना तो सहज लक्षात येणार नसेल, तर तो उघड सांगायला हवा. आपल्याला वाटतं हे फक्त इन्स्टावरच्या इन्फ्लुएन्सरसाठी आहे. पण गावात काकूपेक्षा मोठा इन्फ्लुएन्सर कोण?

तिसरा: डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात अठरा महिन्यांची मुदत आहे. कायद्याचं सूत्र सोपं आहे: माहिती कशासाठी घेता ते आधी सांगा, त्यासाठीच वापरा, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं ठेवा. ही सूचना मराठीत वाचायचा पर्याय मागायचा हक्क आपल्याला आहे. १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. पोह्यावर दहा रुपये सूट देण्यासाठी थायरॉइडची माहिती कशाला लागते, याचं उत्तर कोणी देऊन दाखवावं.

चौथा: तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

मग अशी भागीदारी करूच नये का?

करावी की! आमच्याच तालुक्यातली वायगावची हळद घ्या. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जीआय टॅग. समजा उद्या कोणी ही हळद घरोघर विकत असेल आणि काकूच्या पोह्यात तीच वापरली जात असेल, तर काउंटरवर तिची पाकिटं ठेवायला काय हरकत आहे? गिऱ्हाईक चव घेऊनच विकत घेईल. एक लक्षात ठेवा, मानांकन हळद कुठली आहे ते सांगतं, तिने कोणता आजार बरा होतो ते नाही. 'ही हळद घ्या, शुगर पळवा' असा बोर्ड लागला की आपण पुन्हा तिथेच.

काकूला मी कागदावर चार नियम लिहून दिले. तुमच्या घरी कोणाचं दुकान, मेस किंवा घरगुती पदार्थांचा धंदा असेल तर त्यांनाही दाखवा.

- नंबर ज्याचे त्याच्याकडे. सुटीसाठी फॉर्म नको, छापील कुपन पुरे. कुपनावर खूण केली की कोणाकडून किती गिऱ्हाईक आलं ते मोजता येतं. कोणाचाही नंबर लागत नाही.
- सूट कोण देणार ते आधी ठरवा. महिन्याच्या शेवटी कुपनं मोजा. काकूकडे चाळीसेक कुपनं परत आली होती, म्हणजे चारेकशे रुपये गेले. आणि त्यातले बहुतेक रोजचेच गिऱ्हाईक!
- संबंध उघड लिहा. 'ही जाहिरात आहे. या वस्तूची हमी हॉटेल देत नाही.' एवढी एक ओळ, मोठ्या अक्षरात.
- ग्रुप नको, चॅनल वापरा. व्हॉट्सॲप चॅनलवर फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आजची भाजी, उद्याची सुट्टी, सगळं तिथे टाकता येतं.

आणि तुम्ही स्कॅन करणार असाल तर?

- कॅमेरा धरल्यावर लिंक आधी स्क्रीनवर दिसते. घाईने दाबू नका, वाचा. छोटी केलेली लिंक असेल तर ती कुठे नेणार ते कळत नाही, म्हणून दुप्पट सावध.
- सूट खाण्यावर आणि प्रश्न आजाराबद्दल, असं असेल तर फॉर्म बंद करा.
- व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स, आणि तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. अनोळखी माणूस तुम्हाला थेट ग्रुपमध्ये टाकू शकणार नाही.
- डब्यावरचा १४ अंकी एफएसएसएआय नंबर बघा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तो तपासता येतो. मात्र हा नंबर म्हणजे परवाना किंवा नोंदणी, औषध असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.
- डॉक्टरांनी दिलेली गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरच सांगतील. कोच नाही, काकू नाही, मीसुद्धा नाही.

शेवटी ताईंबद्दल

मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्यांच्या घरी हळदीकुंकू चाललं होतं, आणि वाण म्हणून बायकांना त्याच पावडरची सॅम्पल पाकिटं. आतल्या खोलीत न विकलेल्या डब्यांची रांग होती. टार्गेट पूर्ण करायला त्यांनी स्वतःच्या पैशाने उचललेला माल. त्यांच्या नवऱ्याला त्यातल्या निम्म्या डब्यांची कल्पना नव्हती. भांडण तोंडातच राहिलं.

त्यांनी माझ्यासमोर सरांना फोन लावला आणि शीट खोडायला सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, 'मॅडम, डेटा सिस्टिममध्ये गेला आता. तुम्ही टार्गेटकडे लक्ष द्या.'

बोर्ड काकूने त्याच संध्याकाळी काढला. फॉर्म भरलेल्यांपैकी जे रोज येतात, त्यांना ती स्वतः सांगतेय की फोन आला तर घेऊ नका, काही विकत घेऊ नका. बहिणीने नंबर ब्लॉक केलेत, तरी नव्या नंबरवरून मेसेज येतात. बोर्ड दोन मिनिटांत निघतो, गेलेला नंबर परत येत नाही.

शेजारचे काका अजून रोज सकाळी येतात. चहा बिनसाखरेचा घेतात. काउंटरवर आता एकच क्यूआर कोड आहे.