आई, समुद्र आणि सोलकढी

वैरागला पाणी म्हटलं की आधी टँकर आठवतो. साठी ओलांडलेल्या माझ्या आईनं तर समुद्र पाहिलाच नव्हता! म्हटलं, मार्चमधला हा वीकेंड तिच्या नावावर. शुक्रवारी रात्री पुण्याहून गाव गाठलं, पहाटे आईला गाडीत बसवलं आणि आंबा घाट उतरून थेट रत्नागिरी.

संध्याकाळी भाट्याचा किनारा. आईनं चपला काढल्या, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. चंद्रभागेला करते तस्सं! मग पोटोबा. आई माळकरी, त्यामुळे तिच्यासाठी ओल्या काजूंची उसळ नि तांदळाची भाकरी. माझी सुरमई शेजारच्या टेबलावर! भाकरीला मार्क कमी (‘आपल्या ज्वारीची सर न्हाई’), सोलकढी मात्र दोन ग्लास.

रविवारी थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या या राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये हा राजवाडा झाला, १९१६ मध्ये तो इथंच वारला. आई सगळं ऐकून म्हणाली, ‘म्हंजी गावाकडं परत गेलाच न्हाई त्यो?’

‘नाही.’

‘आन् तू कवा येणार?’

आठ वर्षं पुण्यात काढलीत मी. थिबाला इंग्रजांनी अडवलं होतं. मला कुणी अडवलंय?

तर मंडळी, रत्नागिरी मस्ट! आईला घेऊन जा. माझा पुढचा वीकेंड मात्र वैरागला. समुद्र नाही तिथं. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आहे.