गाय पुजली, गवताचे काय?

वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. शहरात आता गाय सापडणे मुश्किल, म्हणून कुणी मातीची गाय आणतो, तर कुणी चित्रालाच हळदकुंकू वाहून मोकळा होतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव पाहणाऱ्या आपल्या दिव्य दृष्टीला तिच्या पोटात जाणारे गवत मात्र दिसत नाही! 'तृणवत' हा शब्दच मुळी आपण तुच्छता दाखवायला राखून ठेवला आहे.

या तुच्छतेची किंमत पाहायची असेल, तर मावळात जावे. मात्र पावसाळ्यात नव्हे. श्रावणात भुशी धरणावर भिजायला जाणाऱ्याला सारेच डोंगर हिरवे दिसतात. तेच डोंगर होळीच्या सुमारास पाहावेत. एक उतार वणव्याने काळा पडलेला, दुसरा गुरांनी खरवडून पिवळा केलेला, आणि तिसऱ्यावर नुसता मुरूम. लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. साचवून ठेवला, तर दोन पुरुष उंचीचा माणूसही बुडेल! तरी उन्हाळ्यात गुरांना वैरण विकतच आणायची.

असे का व्हावे? गंमत अशी की, गवताची मागणी फार थोडी असते. शेडा, पवन्या, मारवेल ही आपली जुनी, गोड गवते वर्षानुवर्षे जगणारी. वरचे पाते वाळले तरी खालचा गड्डा जिवंत राहतो आणि मुळ्या माती धरून ठेवतात. त्यांना हवा असतो तो मृगापासून दिवाळीपर्यंतचा विसावा. या काळात ती वाढतात, फुलोऱ्यावर येतात, बी पिकून जमिनीवर पडते. पण आपण पहिल्या सरीबरोबर गुरे सोडतो. गुरे शहाणी; ती गोड तेवढे आधी खातात. फुटलेले पाते पुनःपुन्हा ओरबाडले गेले, की मुळ्या उपाशी मरतात. मागे उरते कुसळी, जिचे कुसळ जनावराच्या तोंडात रुतते. उरलेसुरले वणवा संपवतो. जाळल्याने पुढचे गवत चांगले येते, असे पुष्कळांना वाटते. कोवळे कोंब लवकर फुटतात हे खरे. पण पालापाचोळा, शेण आणि बी, म्हणजे उद्याची मातीच जळून जाते. मग उघड्या उतारावरची माती पहिल्याच मोठ्या पावसात इंद्रायणी-पवनेची वाट धरते.

यावर उपाय आहे, आणि तो मावळापेक्षा कितीतरी कोरड्या मुलखाने करून दाखवला आहे. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस, म्हणजे लोणावळ्याचा दहावा हिस्सा. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आले. श्रमदानाने उतारांवर चर खणले, कुऱ्हाडबंदी झाली आणि चराईबंदीही. गवत कापून न्यायला मात्र मुभा ठेवली. २००० साली गावात सुमारे १०० टन गवत निघत होते. २००४ साली ते ६००० टनांच्या घरात गेले, असे प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात. गवताबरोबर विहिरींचे पाणी वाढले आणि दूधही.

"मग मावळातही करा चराईबंदी!" असे कुणी उत्साही गृहस्थ म्हणतील. पण थोडे थांबावे. चराईबंदीचा पहिला फटका बागायतदाराला बसत नाही. ज्याला जमीन नाही, ज्याच्या दारात दोन शेळ्या आहेत, त्याला बसतो. डोंगरमाथ्यावर म्हशी राखणाऱ्या गवळी-धनगराला बसतो. त्यातून द्रुतगती मार्ग झाल्यापासून खाजगी उतारांना तारेची कुंपणे पडत चालली आहेत. गुरे तेवढीच, चरायची जागा मात्र आक्रसलेली. सगळा भार उरल्यासुरल्या गायरानावर. ते एकदम बंद केले, तर गवत वाचेल आणि गरीब उपाशी मरेल. असा नियम गाव पाळीत नाही, आणि पाळूही नये.

तेव्हा गायरानाचे चार भाग पाडावेत. दर पावसाळ्यात एक भाग बंद ठेवावा, तीन मोकळे. बंद भागातले बी दिवाळीनंतर गळून पडले, की विळ्याने कापणी करावी, आणि पहिला भारा भूमिहीनाच्या घरी जावा. बी गळून गेलेले गवत थोडे निबर होईल. पण रिकाम्या दावणीपेक्षा ते बरे. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्या भागाची. वणव्याच्या दिवसांत आळीपाळीने राखण करावी. आणि कृपा करून गवताळ उताराला 'पडीक' समजून तेथे परदेशी झाडांचे खड्डे खणू नयेत. गवत हेच तेथले पीक आहे.

अर्थात आधी गायरान शिल्लक हवे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याच्या योजना करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच राज्यांना बजावले आहे. पण न्यायालय फार तर जमीन सोडवून देईल. तिच्यावर गुरे केव्हा न्यायची आणि केव्हा नाही, हे गावालाच ठरवावे लागते. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत रस्ते, नळ आणि समाजमंदिर यांच्या जोडीला हा एक विषय कुणी मांडील काय? गवत बिचारे मतदार नाही. त्याच्या वतीने कुणीतरी हात वर करायला हवा.