नऊवारी शिडं

मंडळी, जावयांच्या तळघरात चार म्हातारी शिडं पडून आहेत आणि त्यावरून तिकडे शीतयुद्ध चालू आहे. लेक-जावई अमेरिकेत, बॉस्टनजवळ मार्बलहेडला. तिथे जावयांनी दोन मित्रांबरोबर 1970च्या दशकातली तीस फुटी शर्यतीची बोट घेतली आहे. लेक म्हणते फेकून द्या, जावई म्हणतात राहू द्या. दोघांनीही फोनवर "बाबा, तुम्हीच सांगा" म्हटलं. मास्तराला मत विचारायचं म्हणजे.. असो!

ही शिडं साधी नव्हेत. पुढचं शीड डोलकाठीच्या अलीकडे संपावं, ही डोलकाठी ओलांडून मागे बरीच जातात. 1926 साली स्वेन सालेन या स्वीडिश गड्याने इटलीत जेनोआच्या शर्यतीत असं शीड लावलं, म्हणून नाव जेनोआ. (जिनिव्हा नव्हे हो, ते स्वित्झर्लंडात.) गंमत नियमाची होती. पुढच्या शिडाचं माप डोलकाठी आणि पुढची तार यांमधल्या त्रिकोणावरून धरत, त्यामुळे मागे गेलेलं कापड फुकट! पुढे 1970पासूनच्या आयओआर नियमानेही मोठ्या पुढच्या शिडाचेच लाड केले. दीडशे टक्के म्हणतात ते असं: मागच्या कोपऱ्यातून पुढच्या कडेवर लंब टाकायचा, तो त्या त्रिकोणाच्या पायाच्या दीडपट. आमची भूमिती बोटीवरही पोहोचली म्हणायची.

म्हणून माझं पहिलं मत जावयांच्या बाजूने. त्या काळच्या पुष्कळ बोटींचं मुख्य शीड अरुंद, जोर सगळा पुढच्यावर. हलक्या वाऱ्यात त्यांना आजच्यासारखं आखूड शीड लावलं की बोट म्हशीसारखी डुंबत राहते. दोन उन्हाळे तिथे राहिलो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. वळताना तो अजस्र पडदा डोलकाठीपुढून ओढून न्यायचा आणि विंच फिरवून ताणायचा, यात तरण्यांचा दम निघतो, हे खरं. पण दम वाचवायचा तर जुनी शर्यतीची बोट घ्यायचीच कशाला? 1977 सालची जे-24 आजही दीडशे टक्क्यांच्या शिडानेच शर्यती करते.

मात्र चार कशाला? इथे मी लेकीचा. आमची आजी नऊवारी विरलं की आधी धडका भाग काढून परकर शिवायची, मग उरल्याची गोधडी, आणि फडकं सगळ्यात शेवटी. शिडांचा क्रमही तसाच असावा. मेन राज्यातल्या पोर्टलंडला 'सी बॅग्ज' ही कंपनी 1999पासून जुन्या शिडांच्या पिशव्या करते. काम चांगलंच, कारण हे पॉलिस्टर मातीत कुजत नाही. पण ज्या शिडात अजून वारा भरतो त्याची पिशवी करणं म्हणजे परकराआधी फडकं.

आधी दुसरी बोट शोधावी. देताना "तीस फुटी बोटीचं शीड" एवढं सांगून भागत नाही, तिन्ही कडा आणि तो लंब मोजून लिहून द्यावा. पुढची कड घेणाऱ्याच्या तारेपेक्षा लांब असली तर सगळं फुकट. कडेला पितळी हुक आहेत की ती खाचेत सरकणारी आहे, हेही सांगावं. शिवण नखाने खरवडून पाहावी, कारण उन्हाने कापडाआधी दोरा मरतो. तेवढं पुन्हा शिवून घेता येतं, पण पोट सैल होऊन मागे सरकलेलं शीड शर्यतीला देऊ नये, ते सहलीच्या बोटीलाच बरं.

आणि कापून लहान करू म्हणणाऱ्यांनी जपावं. हलक्या वाऱ्याच्या जेनोआचं कापड पातळ असतं. ते कापून जोराच्या वाऱ्याचं छोटं शीड केलं तर पहिल्याच झोतात ताणून बेढब होणार. छोट्या बोटीचं हलक्या वाऱ्याचंच शीड केलं तर ठीक.

तर निकाल असा. सर्वांत धडधाकट ते बोटीवर. दुसरं माप लिहून शिकणाऱ्या पोरांच्या एखाद्या बोटीला, पैसे न घेता. तिसऱ्याचं पोट सुटलंय, ते सहलवाल्याला. चौथ्याचं कापडच बोटाने फाटतं म्हणे, त्याच्या खुशाल पिशव्या करा, त्यातली एक मला मंडईसाठी पाठवा. लेकीने लगेच होकार कळवला. जावई दुसऱ्या शिडाबद्दल अजून काही बोललेले नाहीत.